उमरगे मुक्कामी दोनशे चौदा पॅकेजांची मोहीम

श्रीशिव प्रसन्न. राज्ये बुडाली ती तोफांनी थोडी आणि गाफिलीने बहुत, हे जाणोन, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील उमरगे मुक्कामी, माळगे प्रसूतिगृही जे वर्तमान घडले ते पदरचे न घालिता येथे लिहिले असे.

प्रसूतिगृहाचे तमाम दफ्तर एका सर्व्हरात. बारा वर्षांत आलेल्या लेकुरवाळ्या, त्यांचे रक्तगट, कोणास कोणते इंजेक्शन सोसत नाही त्याची नोंद, ऐसा अवघा जिवाचा ऐवज त्या काळ्या पेटीत. आणि पेटीचे किल्लेदार राजश्री विरेश कोरे, वय सत्तावीस, स्वभावे अबोल, इतके की मुखातून शब्द निघणे म्हणजे उन्हाळी आडातून घागर वर येणे. दोन वर्षांमागे त्यांनी बॅकअप न घेता, भर ओपीडीत अपडेट चढविले आणि दफ्तर दोन दिवस मूर्च्छित पडले. मग परिचारिका महादेवीबाई दारी उभ्या राहोन येईल तीस रक्तगट तोंडी पुसत्या जाहल्या. एकीने सांगितला तो नवऱ्याचा निघाला. वेळेवर ध्यानी आले म्हणोन अनर्थ टळला. ती बाई सुखरूप घरी गेली, परंतु विरेशरावांचे मनातून गेली नाही. तेव्हापासून प्रसूतिगृह चालविणाऱ्या डॉक्टर गायत्रीबाईसाहेबांचे श्वशुर, संस्थापक महांतप्पासाहेब, यांचा हुकूम जारी होता: "चालतंय तंवर हात लावायचा न्हाय. बेडा म्हंजे बेडा, नको म्हंजे नको!"

ऐशियात दोन वर्षे लोटली, वेशीबाहेर अपडेटांची दोनशे चौदा पॅकेजे तिष्ठत राहिली आणि तटाची भगदाडे बुजविणारे कोणी नाही. तों खबर आली की परमुलखी एका दवाखान्याचे दफ्तर चोरांनी खंडणीसाठी कुलूपबंद केले. बाईसाहेबांनी तातडीने मसलत बसविली. विरेशरावांनी अर्ज केला की रविवारी दुपारी ओपीडी बंद, तेव्हा काम व्हावे. महांतप्पासाहेब कडाडले, "शुभकार्य रविवारी करत्यात व्हय? सोमवार महादेवाचा. नारळ फोडून करायचं."

सोमवारी रांगेत ऐंशी बायका असतात, हे सांगावयास विरेशरावांनी मुख उघडिले आणि मिटिले. महादेवीबाई जाता जाता बोलल्या, "काय ओ विरेशदादा, आत्तापासनंच पाठ करून ठेवू का समद्यांचे रक्तगट?"

तो बाण वर्मी लागला. विरेशराव त्या रात्री जेवले थोडे आणि विचार फार करिते जाहले. आणि मग त्यांस अडगळीतील जुन्या पेटीचे स्मरण जाहले. ती धुळीतून काढिली, सर्व्हरात जी पॅकेजे ज्या आवृत्तीची तीच तीत घातली आणि दफ्तराचा बॅकअप घेवोन तीत उतरविला, जेणेकरोन बॅकअप खरा की नुसता नावाचा, याचीही पारख जाहली. हुबेहूब जुळी बहीण. मग त्यांनी साहेबांस विनविले, "अप्पा, सोमवारी नारळ हिच्यासमोर फोडू. अपडेटचा पहिला मान हिचा."

सोमवारी दहा वाजता मुहूर्त. महांतप्पासाहेबांचे वय ब्याऐंशी, परंतु मनगटी जोर अचाट. एका प्रहारात नारळाची शकले जाहली आणि पाणी उडोन पेटीचे कुशीवर पडले. विरेशरावांनी आपल्या शर्टाने पुसिले आणि अपडेट सोडिले. पॅकेजे रांगेने आत शिरली. शेवटी डेटाबेसाचे पॅकेज शिरले, आणि दफ्तर उघडेना.

सर्वांची दृष्टी नारळाकडे. महांतप्पासाहेब भिंतीस टेकले, तो करारी पुरुष लेकरासारखा पुसता जाहला, "माझ्या नारळानं गेलं का रं?"

विरेशरावांनी लॉगच्या, म्हणजे पेटीच्या रोजनिशीच्या, ओळीमागून ओळ अर्धा तास वाचिली आणि मग घागर वर आली: "नारळाचा कायबी दोष न्हाय, अप्पा. डेटाबेसाचा नवा कारकून आलाय, त्याला आपलं जुनं अक्षर वाचता येईना."

"आन् हे खऱ्या पेटीवर केलं असतं तर?" साहेबांनी पुसिले.

भिंतीपलीकडे ओपीडी निर्वेध चालू होती आणि महादेवीबाई एकेकीचे नाव पुकारीत होत्या. ते ऐकोन साहेबांनी फर्माविले की तुझा रविवार तुला बहाल.

रविवारी दुपारी विरेशरावांनी ताजा बॅकअप घेतला, त्याची एक डिस्क बाईसाहेबांचे कपाटी रवाना केली, डेटाबेसाच्या पॅकेजास वेशीवरच रोखिले आणि बाकीची दहा-दहाच्या टोळ्या करोन आत घेतली. दर टोळीमागे दफ्तर उघडोन पाहणे, मग पुढील हुकूम. अखेरीस सर्व्हर बंद करोन पुन्हा चालू करणे आले. पंखा थांबला. त्या दोन मिनिटांत विरेशरावांस खोलीचे रितेपण ऐकू आले. आपण चुकलो तर ते रितेपण कोणा लेकुरवाळीच्या अंथरुणाशी जाईल, हेही मनी आले. मग पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि दफ्तर अक्षरशः जैसे होते तैसे उघडले.

येणेप्रमाणे दोनशे तेरा पॅकेजे दाखल, एक अटकेत, त्याचा निवाडा अडगळीतील पेटीवर पुढे व्हावा. दफ्तर साबूत, जखमी कोणी नाही. दुसरे दिवशी महादेवीबाईंनी खुर्चीवर बसताच स्क्रीन न्याहाळिला आणि तक्रार गुदरली, "काल दिवसभर काय केलं ओ? समदं हाय तसंच हाय की!"

विरेशराव खाली पाहोन हसले. बाईंनी पहिलीचे नाव पुकारिले, तिचा रक्तगट तिला न पुसताच कागदावर उतरविला, आणि तिला आत पाठविले. फत्ते जाहली ती हीच, म्हणोन तितकी लिहिली असे.