'रिकामं' आणि 'दिसलं नाही'

आमच्या ऑफिसातले निकम सर एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम कॉम्प्युटरवर आपणहून करणाऱ्या प्रोग्रामला, जावई म्हणतात. थट्टेने नाही, अगदी गंभीरपणे. त्यांचं म्हणणं असं, की जावई नवीन घरात आलेला असतो आणि विचारायची त्याला लाज वाटते. मग तो अंदाज करतो आणि न्हाणीघर समजून देवघराचं दार उघडतो. म्हणून त्याला सगळं आधीच सांगून ठेवायचं.

इंदिरानगरातल्या आमच्या छोट्या कंपनीने एक टूल बनवलंय. दूरच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये काय काय आहे, याची यादी ते एजंटला आणून देतं. ते कसं वापरायचं हे एजंटसाठी लिहून ठेवणं, हे सरांचं आणि माझं काम. सर आधी मराठीत लिहितात, मी त्याचं इंग्रजी करते. निफाडजवळच्या आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी सांगतेच, कोणी विचारो न विचारो. सर माझ्या इंग्रजीला नावं ठेवत नाहीत. वाक्यावर बोट ठेवून एवढंच विचारतात, जावई याचा काय अर्थ काढेल? एकदा मी 'फोल्डरला नाव द्या' अशा अर्थाचं लिहिलं, तर म्हणाले, "तो बारसंच करून मोकळा होईल."

खुद्द सरांनी आपल्या जावयाला अजून पाहिलेलं नाही, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद. तो विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी चार वाजता आमचं टूल एका द्राक्ष निर्यातदाराकडे सुरू व्हायचं होतं. त्याच्या पॅकहाऊसच्या, म्हणजे माल भरायच्या शेडमधल्या, जुन्या कॉम्प्युटरवर पाठवलेल्या मालाचे फोटो असतात. परदेशातलं गिऱ्हाईक माल खराब निघाला म्हणालं, तर पुरावा तेवढाच. एजंटने तिथली रिकामी फोल्डर्स शोधून काढून टाकायची होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चाचणी घेतली. नेट मधेच गेलं. टूलने कोरी यादी दिली आणि एजंटने शांतपणे कळवलं, फोल्डर रिकामं आहे, काढून टाकतो. फोल्डर आमचंच होतं, चाचणीसाठीचं, पण आत फाइली होत्या की.

मालक खैरनार साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तिकडे पॅकहाऊसवर नेट चांगलं आहे, ते पुढच्या वेळी बघू. सरांनी एजंटसाठीचा मजकूर द्यायचं नाकारलं, आणि त्याशिवाय टूल सुरू करता येत नव्हतं.

साहेब येऊन टेबलाशी उभे राहिले. हातात फोन वाजत होता, निर्यातदाराचाच.

"अहो निकम, एका ओळीपायी गिऱ्हाईक घालवताय तुम्ही."

"साहेब, 'रिकामं आहे' म्हणजे आत जाऊन पाहिलं. 'दिसलं नाही' म्हणजे दारातच अडकलो. आपलं टूल दोन्हीला एकच उत्तर देतंय. त्या माणसाचे फोटो गेले तर परत कुठून आणायचे?"

साहेब माझ्याकडे वळले. मजकूर तुझ्याकडेही आहे ना, म्हणाले, तू पाठव. मला कायम करायचं की नाही, ते त्याच महिन्यात ठरणार होतं, आणि ठरवणार तेच. सर खाली मान घालून बसले होते. मला गळ घालत नव्हते, की वाचवतही नव्हते.

"मी पाठवणार नाही, साहेब. इंग्रजी माझं आहे. खोटं ठरलं तर माझंच ठरेल."

साहेबांनी फोन उचलला, सोमवारची वेळ मागितली, दोन-चार बोलणी खाल्ली. सोमवारी काही चुकलं तर दोघांनीही दुसरीकडे बघा, असं सांगून निघून गेले. मग प्रोग्रामर पोरांनी टूल दुरुस्त केलं. जोडणी तुटली की आता ते तसं स्पष्ट सांगतं. सरांनी ओळ लिहिली: जोडणी तुटली असेल तर 'माहीत नाही' म्हणावे, काहीही काढू नये.

संध्याकाळी ऑफिस पांगलं तरी सर उठेनात. मी विचारलं, नोकरी पणाला लावण्याइतकं काय होतं त्यात?

"गेल्या दिवाळीत पोरगी आली होती दारात," ते म्हणाले. "बेल बिघडलेली. तिने दाबली, थांबली, गेली. शेजारच्या वहिनींनी नंतर सांगितलं. मी आतच होतो गं."

"मग फोन नाही केलात?"

"तिला वाटलं असेल, बापाने दार उघडलं नाही. मला वाटलं, परत येईल. दोघांनीही अंदाज केला."

मग त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "वाच. समजेल का बघ."

'बेल चालत नाही. कडी वाजवावी. गुडघ्यामुळे दारापर्यंत यायला मला वेळ लागतो, तोवर थांबावे. दार लगेच उघडले नाही, म्हणजे नको म्हटले असे समजू नये. दोघांनी यावे.'

पोरीला लिहिल्यासारखं ते वाटत नव्हतं. सोसायटीची नोटीस वाटत होती. मी पुन्हा एकदा वाचलं.

"सर, याचा दुसरा अर्थ निघत नाही. पाठवा."

त्यांचं बोट काचेपाशी जाऊन थांबलं.

"तूच पाठव," ते म्हणाले.