माईंच्या हातचा बिबडा

डिसेंबरात थंडी वाढली की आप्पा आपली गोधडी रेझिनच्या डब्यांवर घालतात आणि स्वतः पातळ चादर पांघरून झोपतात. विचारलं तर म्हणतात, "डबासले थंडी वाजस."

यात वेडेपणा कमी आणि अनुभव जास्त आहे. साच्यात ओतायचं हे पातळ रेझिन गारठलं की त्यात साखरेसारखे पांढरे कण धरतात. मग डबा कोमट पाण्यात ठेवून ते विरघळवत बसावं लागतं. उन्हाळ्यात उलटं. उष्णतेने आणि उजेडाने ते पिवळं पडतं, म्हणून एप्रिल लागला की डबे घरातल्या सर्वांत थंड जागी, म्हणजे देवघरात जातात.

"देवसले पंखा नही, अन् तुम्हना डबासले ओलं फडकं!" माई, म्हणजे त्यांची पत्नी, दर वर्षी म्हणतात.

"देव पिवळा पडत नही," आप्पांचं उत्तर ठरलेलं.

आप्पा नंदुरबारला आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले आणि मागच्या खोलीत हा उद्योग मांडला. कापसाचं बोंड, चिंचेचं बुटूक, लाल मिरची, जे हाताला लागेल ते काचेसारख्या पारदर्शक वडीत बसवायचं आणि ओळखीच्यांना वाटायचं. घाई त्यांना सहन होत नाही. कुणी भरभर जेवलं, भरभर बोललं, तरी त्यांचा शेरा एकच: "घाई करी, बुडबुडा उना." म्हणजे घाईने ओतलं की वडीत बुडबुडा आलाच.

मिरचीच्या हंगामात त्यांचा जीव टांगणीला लागतो. गावाबाहेर पथारींवर, म्हणजे मोकळ्या मैदानांवर, मिरची वाळत असते, वाऱ्याबरोबर तिची बारीक धूळ येते आणि ओल्या रेझिनवर बसली की लाल ठिपका कायमचा. त्या दिवसांत ते मच्छरदाणीत बसून ओततात. पाहुण्याचं नाक वळवळलं की दाराकडे बोट जातं. "शिंक भाईर, भाऊ, शिंक भाईर!" त्यांचे सख्खे व्याही एकदा अर्धा चहा टाकून अंगणात शिंकून आले.

मागच्या वर्षी माईंना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, सावकाश पण स्पष्ट. उजवा हात आला नाही.

त्याआधीच्या उन्हाळ्यात माईंनी नेहमीप्रमाणे बिबडे केले होते. ज्वारीचं पीठ शिजवायचं, ओल्या कापडावर बोटांनी थापायचं आणि कडक उन्हात वाळवायचं, असा हा आमच्याकडचा पापड. डबा हळूहळू संपत गेला. यंदा आप्पांनी झाकण उघडलं तेव्हा तळाशी एकच उरला होता. त्यावर माईंच्या चार बोटांचे ठसे होते. आप्पांनी तो कापसात गुंडाळून कपाटात ठेवला आणि बाजारातून बिबड्यांचं पाकीट आणलं.

त्या विकतच्या बिबड्यांवर त्यांनी सराव केला. पहिल्यातून हवा सुटली आणि सगळीकडे बुडबुडे झाले. दुसऱ्यावर एकदम जाड थर ओतला, तो तापून तडकला. मग आधी कुंचल्याने पातळ हात द्यायचा, तो सुकला की थोडं थोडं ओतायचं, हे जमलं. खिडकीत वड्यांची रांग लागली. येणारे विचारायचे, "आप्पा, पापडनं दुकान काढं का?"

एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. "भाऊ, तू मच्छरदाणीनी जाळी धर. बोलू नको." माईंची खाट तिथेच, दाराशी होती. आप्पांनी हातमोजे घातले, काट्यावर रेझिन आणि हार्डनर मोजलं आणि पेल्यात एकत्र करून सावकाश ढवळायला घेतलं. एकदा मिसळलं की ते थांबत नाही. पेल्यातच घट्ट व्हायला लागतं. शेजारी कापसावर तो बिबडा होता.

"कसाले करी ऱ्हायनात?" माईंनी विचारलं.

"तुन्हा बोटे ऱ्हातीन यानामा."

"मी मरेल शे का?"

आप्पांची काडी थांबली.

"तुम्ही तो भिंतवर लाई देशात. येईल-जाईलले दखाडशात, हाऊ तिना हातना. अन् मी आठेच बठेल ऱ्हासू."

"मंग काय करू?"

"तळा. तुम्हनासाठे करेल व्हता."

"हाऊ शेवटला शे."

"म्हणीसनच सांगी ऱ्हायनू."

पेला हातात तापत होता. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, बिबड्याकडे पाहिलं. काडीवरचा थेंबही निथळून घेणाऱ्या या माणसाने तो भरला पेला उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला. त्यातून थोडी वाफ निघाली आणि काडीसकट ते घट्ट झालं.

मी जाळी खाली ठेवली.

स्वयंपाकघर त्या खोलीला लागूनच. गॅस आप्पांनीच पेटवला. "तेल कितलं?"

"बुडी इतलं."

"म्हणजे कितलं?" त्यांचा हात काट्याकडे गेला.

"तो काटा ठेवा आते," माई म्हणाल्या आणि हसल्या. झटक्यानंतर त्यांना मोठ्याने हसताना मी पाहिलं नव्हतं.

बिबडा तेलात गेला आणि फुलला. बोटांचे ठसे क्षणभर उमलून माईंच्या बोटांपेक्षा मोठे झाले, मग विरले. आप्पांना काढायला उशीर झाला. एक कड करपली. त्यांनी तो मोडला, चांगला तुकडा माईंच्या डाव्या हातात दिला आणि करपलेला स्वतः घेतला.

माईंनी सावकाश चावला. "त्या वरीसले मीठ कमी पडनं."

"नही," आप्पा म्हणाले. "बराबर शे."

ताटलीत चुरा पडला होता. तो त्यांनी ओल्या बोटाने एकेक करून टिपला.