कोसपट्टीच्या डबीस गंध लागले त्याची हकीकत

श्रीमार्गेश्वर प्रसन्न, ज्याच्या पायापासून सर्व वाटा निघतात आणि ज्याच्या कृपेने त्या खड्ड्यांसकट पोचतात. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, ते समयी कोणा एका राज्यात जे वर्तले ते जसे कानी आले तसे सांगतो, मध्ये कोणी बोलू नये, धागा तुटला की पुन्हा सापडत नाही.

तर राज्य मोठे, आणि राज्याचे रस्ते त्याहून मोठे, आणि त्या रस्त्यांची डागडुजी चालायची कशावर, तर तेलपट्टीवर. म्हणजे गाडीत तेल भरले की त्याचा कर तिथेच पंपावर कापला जायचा, तो रस्तेकोठीत पडायचा, आणि त्यातून खडी यायची, डांबर यायचे, पूल उभे राहायचे, आणि देणाऱ्यास आपण काही दिले हे कळतही नसे. ऐसे सुखाने चालले असता विजेवरच्या गाड्या निघाल्या. त्या आधी सरदारांनी घेतल्या, मग सावकारांनी, मग सावकारांच्या जावयांनी, आणि त्या गाड्या तेलाचा थेंब पीत ना, धूर सोडीत ना, हूं की चूं करीत ना, गुपचूप यायच्या आणि रस्ता मात्र इतरांइतकाच झिजवून जायच्या. मग तेलपट्टी देणारे उरले कोण, तर जुन्या खटाऱ्यांचे धनी, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच काही नाही ते, आणि त्यांच्या पट्टीवर साऱ्या राज्याची चाके फिरू लागली. आणि कोठी आटत चालली आणि खड्डे भरत चालले, म्हणजे पाण्याने, आणि एके दिवशी खुद्द राजपुरोहितांची गाडी एका खड्ड्यात गेली ती बाहेर काढायला क्रेन आणावी लागली, तेव्हा दरबार जागा जाहला.

त्या राज्याचे मार्गमंत्री बहिरोपंत वाटमोजे. माणूस सज्जन, हुशार, पण काळजीखोर इतका की घरास कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहावे आणि तरी कोपऱ्यावरून परत यावे. त्यांणी भर दरबारात मसलत मांडली की तेलपट्टी उठवावी आणि कोसपट्टी बसवावी. ज्याची गाडी जितके कोस रस्ता तुडवील तितकी त्याने पट्टी द्यावी, मग ती तेल पिवो, वीज पिवो नाहीतर ताक पिवो. महाराजांस हे पटले. सरदारांस पटले नाही, पण पटले नाही हे बोलायचे कसे, म्हणून त्यांणी सीमेवरच्या गरिबांचा कैवार घेतला, की सीमेवरच्यास बाजार आठ कोस, दवाखाना अकरा कोस, ते बिचारे काय हौसेने फिरतात? आणि गंमत अशी की ज्याने हे म्हटले त्याच्या मनात कळवळा नव्हता तरी बोलणे खरे होते, आणि बहिरोपंतांस ते तेव्हाच पोटात खुपले, पण त्यांणी म्हटले, पुढे पाहू. मग महाराज म्हणाले, "बहिरोपंत, तुमच्या भरवशावर करतो आहोत. फसले तर आम्ही कोणाकडे पाहायचे ते तुम्ही जाणता." तेव्हापासून पंतांच्या छातीत जी जळजळ सुरू जाहली ती जिरे खाऊन जाईना आणि ताक पिऊन जाईना.

मग कारागिरांनी डबी केली. काळी, लाडवाएवढी, वर मधोमध हरभऱ्याएवढा काचेचा डोळा, आणि तो डोळा आकाशाकडे पाहून गाडी कुठून कुठे गेली ते ओळखायचा. ती प्रत्येक गाडीच्या कपाळावर, म्हणजे काचेखाली बॉनेटवर बसवायची. आता लोक डबीस भ्याले. कोणी म्हणाले ही आपण कुठे जातो ते बायकोस सांगेल, कोणी म्हणाले नवऱ्यास सांगेल, आणि दोन्ही पक्ष सारखेच चिडले. पंत घाबरले, की आता लोक डबीवर शेण लिंपतील. म्हणून त्यांणी स्वहस्ते नियम लिहिला, जो डबीचा डोळा झाकील त्याची गाडी सरकारजमा, सबब ऐकली जाणार नाही. आणि नुसता धाक बरा नव्हे म्हणून गावोगाव दवंडीही पिटवली, की लोकहो, डबी परकी मानू नका, ती तुमच्या गाडीचे अंगच समजा, गाडीस जो मान तो डबीस द्या. ऐसे एका हाताने धाक घातला आणि एका हाताने गोंजारले, आणि दोन्ही हात आपलेच आहेत हे पंतांच्या ध्यानी आले नाही.

मग डब्या बसल्या आणि महिना दीड महिना बरा गेला. राजवाड्यात मोजणीखाना उघडला, तिथे भिंतभर नकाशा, आणि त्यावर एकेक गाडी म्हणजे एकेक बारीक दिवा, रस्त्यांवरून मुंग्यांसारखे दिवे चाललेले. पंत रोज सकाळी तिथे उभे राहायचे, दिवे पाहायचे, जळजळ थोडी कमी व्हायची. ऐसे होता होता आश्विन शुद्ध नवमी आली, बुधवार, आणि पंत नेहमीप्रमाणे उभे असता सीमेवरचा एक दिवा विझला. मग त्याच्या शेजारचा विझला. मग एका पेठेचे दिवे फुंकर मारल्यासारखे गेले, आणि मग नदीकाठ गेला, आणि मग घाट गेला, आणि काळोख सरकत सरकत राजधानीकडे येऊ लागला. सेनापती धावत आले, म्हणाले हे बंड आहे, हे ठरवून चालले आहे, एका सकाळी साऱ्या राज्याने डोळे झाकले ते काय उगीच? आणि त्यांणी नाक्यांवर स्वार धाडले, की जो पहिला सापडेल त्यास धरून आणा. एवढी माणसे आपल्यावर उलटली आणि आपणास पत्ता नाही, हे कसे जाहले, म्हणत पंत नकाशास टेकले, आणि त्यांच्या नाकासमोर त्यांच्या स्वतःच्या गाडीचा दिवा विझला.

तेव्हा पंतांस घाम फुटला, आणि घामासरशी उजेडही पडला. कारण त्या घटकेस त्यांच्या कुटुंबाने, चिमाबाईंनी, काय करायचे ठरवले होते हे त्यांस ठाऊक होते, सकाळीच त्या म्हणाल्या होत्या की झेंडूची माळ लांब आणा, गाडी रुंद आहे. म्हणजे आज खंडेनवमी. आज राज्यातला प्रत्येक जण आपले हत्यार पुसतो, धुतो, पुजतो, सुतार करवत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, आणि गाडीवाला गाडी धुऊन माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, आणि गंध लावतो. गाडीस जो मान तो डबीस. आणि गंध लावायचे कुठे? पंत तडक खाली अंगणात गेले, तिथे दरबारी मंडळींच्या गाड्या ओळीने उभ्या, आणि एकूणएक डबीच्या डोळ्यावर चंदनाचा टिळा, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. सेनापतींच्या डबीस तर वर फूलही. आणि सरदारांचे गाडीवान आपापल्या धन्यांच्या कानाशी लागत होते, आणि धन्यांचे चेहरे उतरत होते, कारण नियम सर्वांस ठाऊक होता.

इतक्यात पहिला सापडलेला माणूस आला. तो कोंडाजी फाळके, सीमेकडचा, वडापची, म्हणजे माणशी भाड्याची, जीप चालवणारा, भाडे घेऊन राजधानीच्या नाक्याशी आलेला, गळ्यात गाडीचीच माळ, कारण स्वारांनी धरला तेव्हा ती त्याच्या हातात होती आणि टाकायची कुठे म्हणून त्याने गळ्यात घातली. दरबार भरला. सेनापतींनी विचारले की कोणाच्या चिथावणीने डोळा झाकला ते बोल. कोंडाजी म्हणाला, "चिथावणी कसली? खंडेनवमीला गंध लावलं. डबीला वगळलं असतं तर बापानं हाणलं असतं मला."

"आणि नेमके डोळ्यावरच?"

"मग कपाळ कुठं हाय तिला? सगळीकडनं फिरवून बघितली. तोंड न्हाई, नाक न्हाई, एक डोळा तेवढा. जिथं जीव दिसला तिथं लावलं."

मागे कोणी फिस्कन हसले आणि लगेच खोकल्यासारखे केले. महाराज हसले नाहीत. त्यांणी पंतांस नियम वाचावयास सांगितला, आणि पंतांनी तो वाचला, गाडी सरकारजमा, सबब ऐकली जाणार नाही, आणि स्वतःचे अक्षर त्यांस परक्याचे वाटले. मग कोंडाजीचा आवाज खाली आला. तो म्हणाला, गाडी ठेवायची तर ठेवा, पण आमच्या बाजूला तीन माणसं हायेत, त्यांना दिसाआड रगत धुवायला अकरा कोसांवर दवाखान्यात न्यावं लागतं, उद्या त्यांची पाळी हाय, ती वळचणीला येऊन बसत्याल, तेवढी कुणाची तरी गाडी धाडा. आणि कोणाची धाडणार? साऱ्या दरबाराच्या गाड्या खाली गंध लावून उभ्या, आणि सारा दरबार आपल्या जोड्यांच्या नक्षीकडे पाहत उभा. पंतांनी एकेकाकडे पाहिले. सेनापती छताकडे पाहत होते. जळजळ घशापर्यंत आली. गप्प राहिले तर मंत्रिपद राहते, गाडी राहते, घरी जाऊन ओल्या फडक्याने डोळा पुसला की कोणास कळायचे नाही, आणि उद्या तीन माणसे वळचणीस बसून राहतील, एवढेच.

मग पंत बोलिले, आणि आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा बोलावे लागले. "महाराज, माझ्याही डबीस गंध आहे."

महाराज म्हणाले, "आणखी कोणाच्या?"

"ते ज्याचे त्याने सांगावे."

कोणी सांगितले नाही. मग महाराजांनी मागे उभ्या हुजऱ्यास हळूच विचारले की आज आमच्या गाडीची पूजा कोणी केली, आणि तो म्हणाला, आईसाहेबांनी, स्वहस्ते. तेव्हा महाराजांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या तोंडावर आधी राग, मग हसू, मग दोन्हीही नाही, ऐसे जाहले. मग त्यांणी निवाडा केला की कोंडाजीची गाडी सोडावी, डब्या पुसाव्या, पुढे गंध कडेस लावावे, आणि जो नियम लिहितो त्यास तरी तो नियम लागावा, म्हणून बहिरोपंतांची गाडी तेवढी सरकारजमा करावी. मंत्रिपद राहू द्यावे. "कोसपट्टीही राहील, बहिरोपंत. रस्ते आम्हांस हवेच आहेत. आता ती सीमेवर कशी चालते ते स्वतः जाऊन पाहून या." पंतांनी मुजरा केला, आणि बाहेर येऊन पाहतात तो सरदार मंडळी आपापल्या शेल्याच्या टोकाने डबीचे डोळे पुसण्यात इतकी गर्क की पंतांस वाट कोणी देईना. घरी चिमाबाई म्हणाल्या, "गाडी कुठे?" आणि पंत म्हणाले, "तुझी पूजा पावली."

दुसरे दिवशी दसरा. पंत सीमेकडच्या दवाखान्यापाशी वडापच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले, आणि उभी होती ती कोंडाजीचीच जीप. रगत धुऊन आलेली तिघे मागे पडशीसारखी टेकलेली, आणखी चार बाजारकरू, आणि एक म्हातारी मांडीवर सोन्याच्या पानांची, म्हणजे आपट्याच्या डहाळ्यांची, पिशवी घेऊन. कोंडाजीने पंतांस ओळखले, पण ओळख दिली नाही, एवढेच म्हणाला, "पुढं बसा, आणि कोसावर भाडं हाय आता, आधीच सांगतो." जीप निघाली. लोक हसत होते, एकमेकांस टोमणे मारत होते, कोणी कोंडाजीस गळ्यातली माळ कुठे गेली विचारीत होता. आणि एक कोस भरला, तशी डबीतून टक असा आवाज जाहला, आणि सारी जीप गप्प. मग पुन्हा बोलणे सुरू, आणि कोस भरत आला की बोलणे आपोआप बारीक, आणि मग टक. पंतांनी तो आवाज मोजणीखान्यात कधी ऐकला नव्हता. तिथे नुसते दिवे. त्यांचा हात छातीशी गेला तो तिथेच राहिला.

पाचवी टक व्हायच्या थोडे आधी दोघे उतरले. पुढचा कोस भरत आला तसे आणखी दोघे. गाव कुठे दिसेना, झाड दिसेना, नुसता माळ, आणि माणसे उतरून रस्त्याच्या कडेने चालू लागायची. मग म्हातारी म्हणाली, "थांबव रं कोंड्या. आता वाजंल ती." जीप थांबली. पंतांस राहवले नाही, त्यांणी विचारले की आजी, घर कुठे तुमचे, आणि म्हातारीने हनुवटीने दूरच्या टेकाडाकडे दाखवले, जिथे पत्रे चमकत होते.

"एवढे चालणार?"

"मग? वाजली की पुढल्या कोसाचं पडतंय. पायाला डबी बसवली न्हाई अजून सरकारनं."

मागचे रोगी क्षीण हसले. ते तिघे मात्र उतरू शकत नव्हते, त्यांस शेवटपर्यंत साऱ्या टका ऐकत जायचे होते. पंतांनी त्यांच्याकडे पाहिले, कोंडाजीकडे पाहिले. कोंडाजी समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होता, आणि रस्ता, खरे सांगायचे तर, नवाकोरा होता, एक खड्डा नाही, कोसपट्टीतूनच केलेला. पंतांनी भाडे दिले, खाली उतरले, म्हातारीच्या हातातली पिशवी घेतली, आणि जीप पुढे निघून गेली.

येणेप्रमाणे त्या साली त्या राज्यात तेलपट्टी गेली आणि कोसपट्टी आली. रस्ते उत्तम जाहले, कोठी भरली, सावकारांच्या जावयांनीही पट्टी दिली, हे खोटे नाही. आणि सीमेकडे, प्रत्येक कोसाच्या थोडे अलीकडे, त्या उत्तम रस्त्यापासून फुटणाऱ्या पायवाटा पडल्या, त्या नकाशात नाहीत.