हस्ते कुमुद

आमच्या नगरात घरी लावलेलं झाड चुकीचं लागलं, तर ते तिसऱ्या दिवशी भर दुपारी उठतं आणि लावणाऱ्यालाच मातीत लावतं. म्हणून इथे लोक झाडं जपून लावतात.

आम्ही रामफळ लावलं ते मुहूर्त पाहून. खड्डा मी खणला, शेणखत मी मिसळलं, रोपही मीच ठेवलं. माझी बायको कुमुद हिने शेवटी मूठभर माती सोडली, कारण शुभकार्य घरच्या लक्ष्मीच्या हस्ते व्हावं अशी आमच्याकडे रीत. फोटो निघाला, पेढे वाटले. नगरपरिषदेच्या फॉर्मवर ‘कोणाच्या हस्ते’ या रकान्यात मी कौतुकाने तिचं नाव लिहिलं.

संध्याकाळी आळ्यात पाणी घालताना मातीतून काळ्या प्लास्टिकची कड डोकावली. रोपाची पिशवी मी फक्त तळाशी चिरली होती. फोटोआधी मातीचा गड्डा फुटू नये, एवढंच पाहिलं होतं. आता उकरायची सोय नव्हती, कारण तीन दिवसांच्या आत हलवलेलं झाड सगळ्या घरालाच लावतं.

दुसऱ्या दिवशी वृक्षनिरीक्षक जांभेकर आले. त्यांनी वाकून पाहिलं आणि वहीत ‘मुळे कोंडली’ असं लिहिलं. मी उपाय विचारला. झाड फॉर्मवरच्या नावालाच लावतं, ते नाव चुकलं असेल तर उद्या दुपारी बारापर्यंत दुरुस्तीचा अर्ज चालतो, असं ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

कुमुदने तसाच राहिलेला चहा उचलला. ती म्हणाली, “मी नुसती माती टाकली हो. तुम्ही सांगा ना त्यांना.”

सकाळी पहिलं काम तेच करतो, असं मी तिला सांगितलं.

कचेरीत चिटपाखरू नव्हतं. कारकुनाने अर्ज पुढे सरकवला, पेनाचं टोपणही काढून दिलं. सव्वीस वर्षं मी सह्या करत आलोय, पण त्या रकान्यात माझं नाव काही उतरेना. मी घाबरलो होतो, दुसरं कारण नाही. चष्मा विसरलो असं सांगून मी उठलो. चष्मा नाकावरच होता. एक वाजेपर्यंत मी बागेतल्या बाकावर बसून राहिलो.

घरी आलो तेव्हा रामफळ ओसरीत टेकलं होतं. कुमुद लागली होती. खड्डा हवा तेवढा रुंद होता आणि ती कमरेपर्यंतच होती, बोटभरही जास्त खोल नाही. चपला आधी काढून बाजूला ठेवलेल्या. शेजारच्या काठीला तिला सुतळीने सैल बांधलं होतं. तपासणीला आलेल्या जांभेकरांनी टेप लावून पाहिली आणि ‘समाधानकारक’ असा शेरा मारला.

ते गेल्यावर तिने विचारलं, “अर्ज दिलात ना?”

“रांग फार होती,” मी म्हणालो.

तिने कमरेभोवतीची माती हाताने दाबून घेतली. मग म्हणाली, “असू दे. पाणी घाला. कडेकडेने घाला, अंगावर नको.”