रऊफभाईंची उशिरा निघालेली कंपनी

अकोल्यातल्या लोकांनी कॅसेटी पोत्यात भरून भंगारवाल्याला द्यायला सुरुवात केली, नेमकं त्याच वर्षी रऊफभाईंनी बार्शीटाकळीच्या बाजारात कॅसेटचं दुकान टाकलं. पाटी रंगवली, ‘न्यू तराना म्युझिक सेंटर’. त्या दुकानात नवं असं काही असेल तर तो पाटीवरचा ‘न्यू’.

पुढे सीडी आल्या, जुन्या झाल्या, मग भाईंनी सीडी ठेवल्या. पोरं मोबाइलच्या कार्डात गाणी भरून घ्यायला लागली आणि त्यालाही कंटाळली, तेव्हा भाईंनी गाणी भरायला कॉम्प्युटर आणला. कोणी हसलं की भाई पान उजव्या गालातून डाव्या गालात घेत आणि म्हणत, “समोर चालते त्याच्या पायात काटे रुतते, बावा. मांगच्याले पायवाट भेटते.”

“मांगच्याले उठलेला बाजार भेटते, भाई,” समोरचा चहावाला गजानन म्हणायचा.

“तू चाय उकळ.”

भाईंना उशीर व्हायचं कारण साऱ्या गावाला पाठ होतं. रस्त्यात कुठं गाणं वाजत असलं तर ते संपेपर्यंत हा माणूस जागचा हलत नसे. “गाणं अर्ध्यात सोडणं म्हंजे जेवत्या माणसाचं ताट वढणं होय,” असं त्यांचं म्हणणं. बाळापूरला त्यांचा स्वतःचा निकाह होता, तर वरात नवरीच्या दारात आणि नवरदेव मागं पानठेल्यावर. तिथल्या रेडिओवर एक लांबलचक कव्वाली लागली होती. ती संपेना आणि भाई येईनात. तोवर दारात बँड वाजवणं भाग होतं. त्या बँडचे मास्तर म्हणजे माझे बाबा. बाबांनी उभ्या उभ्या क्लॅरनेटवर येतील तेवढ्या धुना वाजवल्या, संपल्यावर पुन्हा पहिलीपासून सुरू केल्या. शेवटी भाई आले, तर नवरीच्या दारात बाबांचं क्लॅरनेट ऐकत पुन्हा उभेच राहिले. सासऱ्यांनी बखोट धरून आत नेलं तेव्हा कुठं लग्न लागलं.

बाबा हे सांगताना माय तोंडाला पदर लावून हसायची.

मी हे सुरतेत बसून लिहितो आहे. सातवीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून इकडेच. साड्यांच्या घड्या घालतो, पेट्या भरतो. लिहायचा हात नाही, पण रऊफभाईंबद्दल लिहिलं नाही तर घास गोड लागायचा नाही.

आता कंपनीचं सांगतो. एका उन्हाळ्यात मी सुट्टीवर गावी आलो होतो. सकाळी गजाननच्या ओट्यावर चहा पीत होतो तर भाई पेपर फडकावत समोरून पळत आले. भाईंना पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. फोन बनवणाऱ्या कुठल्याशा परदेशी बलाढ्य कंपनीची बातमी होती. इंटरनेटवरून गाणी ऐकवायचा धंदा बाकीच्या कंपन्यांनी कधीचा सुरू केला होता. ही कंपनी आता कुठं, सगळ्यांच्या मागून, त्यात उतरणार होती. पेपरवाल्यानं मथळ्यातच विचारलं होतं, फार उशीर झाला का?

“वाच,” भाई मला म्हणाले. “मोठ्यानं वाच. या गज्याले ऐकू जाऊ दे.”

मी वाचलं.

“पाह्यलं? एवढी मोठी कंपनी! काचेचं हापिस, टाय बांधेल साहेब. त्यायले पयले येता नसतं आलं? पण नाही आले. थांबले. पायवाट पाह्यली. माह्यावाणीच!”

“मंग भाई, त्यायले तुमचं दुकान भाड्यानं द्या,” गजानन म्हणाला.

“देतो. पण आधी आपली सर्विस सुरू करतो. ते अन् मी, दोघं संगच.”

आणि खरंच, आयुष्यात पहिल्यांदा भाई कोणाच्या तरी बरोबरीनं निघाले. सर्व्हिसचं नाव ‘तराना लाइन’. आमच्याकडे त्या वेळी इंटरनेटचं गोल चक्र फोनवर फिरत राहायचं, गाणं काही यायचं नाही. भाईंना इंटरनेट लागतच नव्हतं. तुम्ही मिस कॉल द्यायचा. भाई उलट फोन करणार, आपला फोन स्टीलच्या गिलासात उभा करून स्पीकरसमोर ठेवणार आणि गाणं लावणार. गाण्याआधी त्याची माहितीही देणार. कापूस वेचणाऱ्या बाया बांधावर रिकाम्या डब्यात फोन ठेवून ऐकायच्या, डब्यानं आवाज घुमायचा. मोबदल्यात कोणी वांगी आणून द्यायचं, कोणी गवार. त्या वर्षांत कोणाच्याच शेतात धड काही पिकत नव्हतं, पण भाईंची भाजी कधी चुकली नाही.

अडचण एकच होती. परदेशी कंपनी एका वेळी लाखो लोकांना गाणं पाठवायची आणि भाई एकालाच. बाकीच्यांना ते सांगत, “आप कतार में हैं.” तक्रार करायची असली तर म्हणत, “लाइनवर रहा, तक्रार विभागाले जोडतो.” मग जरा खाकरल्याचा आवाज, आणि तोच माणूस जाड्या आवाजात, “हां, तक्रार विभाग. बोला.”

“भाई, तुमीच ना?”

“नाव सांगा अन् तक्रार सांगा. वळख काढू नका.”

भाभी तेव्हा नातवंडं सांभाळायला पुण्याला गेल्या होत्या, दोन्ही पोरं तिकडेच. भाईंनाही त्यांनी खूप बोलावलं. भाई म्हणायचे, “कंपनी कोणाच्या भरोशावर सोडू?”

पुढच्या वर्षी माझी माय गेली.

बाबांचा बँड त्याआधीच बसला होता. वाईट वर्षांत लोक सामूहिक विवाहात पोरी उजवायला लागले. एका मांडवात पुष्कळ लग्नं आणि सगळ्यांना मिळून एक डीजे. बाबांनी क्लॅरनेट मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. माय गेली आणि त्यांचं बोलणंही जणू त्याच पेटीत गेलं. दिवसभर ओट्यावर बसून राहायचे. शेजारची काकू भाकर आणून द्यायची, ती खायचे. मी कामावरून सुटलो की फोन लावायचो. कधी उचलायचे, कधी नाही. उचलला तर “हं.” जेवले का? “हं.” तब्येत? “हं.” आणि फोन बंद. उचलला नाही तर मी पुन्हा पुन्हा लावत राहायचो. इकडून गाडीत बसलो तरी पोचायला किती वेळ लागतो! आणि कामावरून सारखी रजा कोण देणार? त्या वर्षांत आमच्या भागात गप्प बसलेल्या माणसाची भीती वाटायची.

मी रऊफभाईंना फोन केला. म्हटलं, “भाई, बाबांना तराना लाइनवर घ्या. दुसरं काही मला सुचत नाही.”

“मास्तरले गाणं ऐकवू? मी?” भाई म्हणाले. “बरं. घेतो कतारमध्ये.”

“आणि भाई, मिस कॉल ते देणार नाहीत.”

“मीच फोन करतो. तू पेट्या भर.”

आठवडाभर भाई रोज फोन करत, गाणं लावत. बाबा फोन कानाला धरायचे. गाणं संपलं की ठेवून द्यायचे. हं सुद्धा नाही.

मग एक दिवस भरदुपारी, कामाच्या वेळेला, माझा फोन वाजला. पाहतो तर ‘बाबा’. बाबांनी स्वतःहून मला कधीच फोन केला नव्हता. माझ्या हातातली साडी खाली पडली. मनात नाही नाही ते येऊन गेलं. घाईत बटण दोनदा चुकलं.

“मिलिंद!” बाबांचा आवाज चांगला खणखणीत. “तुह्या त्या रऊफले काही अक्कल हाय का रे?”

“काय झालं बाबा?”

“आता म्हने, ‘मास्तर, सनईवर एक जुनी धून ऐका.’ सनई! लेका, क्लॅरनेट होतं ते! सरळ सरळ क्लॅरनेट! मी म्हनलं, सनई नोय. तं म्हनते, ‘सनईच हाय, तुमचा कान गेला.’ माहा कान गेला? या बहिऱ्यानं म्युझिकचं दुकान टाकलं कसं?”

बाबा बोलतच राहिले. सनईचा सूर कुठून येतो, क्लॅरनेटचा कुठून, फुंकायची पत्ती एक की दोन, सगळं. मी गोदामाच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून ऐकत होतो. मुकादम ओरडला तेव्हा कुठं भानावर आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाईंनी ढोलकीला तबला म्हटलं. तिसऱ्या दिवशी बाईच्या आवाजाला पुरुषाचा ठरवला आणि वर म्हणाले, “सर्दी झाली असन त्याले.” बाबांचा मला रोज फोन, रोज नवीन तक्रार. मला आनंद होत होता आणि धाकधूकही. एवढ्या चुका ऐकून बाबांनी वैतागून सर्व्हिसच बंद केली तर? शेवटी मी भाईंना फोन केला.

“भाई, राग मानू नका. पण माहिती जरा कोणाला विचारून देत जा. बाबा फार चिडतात.”

“लाइनवर रहा,” भाई म्हणाले. खाकरले. मग जाडा आवाज, “तक्रार विभाग. तुमची तक्रार रद्द करण्यात येऊन राह्यली आहे.”

पुढे इंटरनेट एकदम स्वस्त झालं. जो तो फोनवर पाहिजे ते गाणं पाहिजे तेव्हा ऐकायला लागला. बायांच्या डब्यात आता फुकटचं ॲप वाजू लागलं. परदेशी कंपनी मागून येऊनही टिकली म्हणतात. तराना लाइनचं एकेक गिऱ्हाईक मात्र गळालं, भाजी यायची बंद झाली. गजानन म्हणाला, “भाई, कंपनी बुडाली.”

“बुडाली नाही. कतार संपली. आता गिऱ्हाईकाले थांबा लागत नाही.”

गिऱ्हाईक एकच उरलं होतं. माझे बाबा.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला मी गावी गेलो. स्टँडवर उतरून आधी भाईंकडे निघालो, सुरतेहून त्यांच्यासाठी घारी, तिकडची माव्याची मिठाई, आणली होती. दुकानात एक धून वाजत होती. भाई माझ्याकडे पाठ करून उभे होते, मान डोलवत, बोटं हवेत फिरवत. गजानन चहाचा गिलास घेऊन ताटकळत होता.

“ऐक गज्या,” भाई म्हणत होते. “हे क्लॅरनेट. अकोल्याच्या एका बँडचं हाय. वाजवते बरं, पण दम तोडून राह्यला. सूर अर्ध्यात सोडते. आमचे देवराव मास्तर अर्ध्यात नोयते सोडत. माह्या निकाहात त्यायनं असा एक सूर धरला होता का मी दारातच उभा राह्यलो. आत बाई वाट पाहून राह्यली, अन् मी उभा.”

धून संपेपर्यंत मी पायरीवरच थांबलो. भाई वळले. मला पाहिलं. तोंडातलं पान तिथंच राहिलं.

“भाई,” मी म्हटलं, “तुम्हाला क्लॅरनेट कळतं.”

भाईंनी गजाननकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग खाकरले.

“तक्रार विभाग आज बंद हाय,” जाड्या आवाजात म्हणाले, आणि घारीचा डबा माझ्या हातातून घेऊन मागं वळले. कितीतरी वेळ त्या डब्याची दोरी सोडत बसले.

घरी आलो. बाबा अंगणात बाजेवर बसले होते, पांढरा सदरा घालून. मला राहवलं नाही. म्हटलं, “बाबा, एक सांगू? रऊफभाईंना सगळं समजतं. सनई, क्लॅरनेट, सगळं. ते मुद्दाम चुकतात.”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं बँडमधल्या नवख्या झांजवाल्याकडे पाहायचे.

“मले पयल्या दिवसापासून मालूम हाय. ज्या मानसानं माह्या क्लॅरनेटपायी सोताचा निकाह थांबवला, त्याले सनई कोनती अन् क्लॅरनेट कोनतं, हे समजत नाही?”

“मग रोज भांडता कावून?”

बाबांनी सदऱ्याची बाही नीट केली.

“पोरं पुन्याले, भाभी पुन्याले. गिऱ्हाईक सारे पळाले. एक मी राह्यलो. मी भांडलो नाही, तं दिवसभर कोनासंग बोलन रे तो?” मग हळूच म्हणाले, “त्याले सांगजो नको. त्याले वाटते तोच माह्यावर उपकार करून राह्यला.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाबांनी घसा साफ केला आणि चेहरा होईल तेवढा रागीट केला.

“बोल रे बहिऱ्या. आज काय वाजवतं?”

मी परत सुरतेला आलो. माझ्याही फोनमध्ये आता गाण्यांचं ॲप आहे, सोबतच्या पोरांनी टाकून दिलं. जगातली सगळी गाणी त्यात आहेत म्हणतात. असतील. मी संध्याकाळी सुटलो की आधी बाबांना फोन लावतो. पलीकडून ती बाई गोड आवाजात सांगते, आपण ज्यांना फोन करत आहात ते दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहेत. मी फोन कानाला धरून उभा राहतो, आणि तिचं सांगून पुरतं झाल्याशिवाय ठेवत नाही.