होडीला पाणी घालणारे बुधाजीमामा

आमचे शेजारी बुधाजीमामा रोज संध्याकाळी होडीला पाणी घालायचे. होडी खाडीत नव्हे, अंगणात. दोन ओंडक्यांवर चढवलेली. मामा तिच्या पोटात बादल्या ओतायचे, वर ओली गोणपाटं पांघरायचे. ऐंशीच्या सुमारास लग्न होऊन मी बाळकुमला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी हे बघून नवऱ्याला विचारलं, "अहो, शेजारचे मामा डोक्याने बरे आहेत ना?"

मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजायचे. बी. ए. झालेली, डोळ्यांवर बशीएवढा चष्मा, खांद्याला शबनम. नळाला पाणी येणार तासभर आणि मामांच्या बादल्या माझ्या हंड्याच्या पुढे! एकदा बोललेच, "मामा, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही होडीला पाजताय?"

"मंग? ती काय मानूस नाय?" मामांनी बादली उचलली. "होरी सुकली म्हंजे फल्या आकसतान, फटी परतान. मंग पान्यान घातली का बुरली. तुझ्या बुकान नाय ता?"

खरं तर होडी पाण्यात जाणारच नव्हती. कारखान्यांनी खाडी काळी केलेली, जाळ्यात मासळी येईना. मामांचा मुलगा गणू स्वतःच एका कारखान्यात लागलेला. तो अधूनमधून म्हणायचा, "बाबा, मोडू या ना ती. तेवढ्या जागेत एक खोली निघंल." मामांचं उत्तर ठरलेलं. खाडी निवळली की जाऊ. होडीला पाणी घालणं थांबलं असतं, तर ते कधीच जाणार नाहीत हे त्यांना कबूल करावं लागलं असतं.

पुढे मी ठाण्यातल्या एका लहानशा संग्रहालयात चिकटले आणि तिथे मच्छीमार होड्यांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन ठरलं. माहिती सांगायला कोण, तर मी! होडीत पाय ठेवताच जिला ओकारी येते, ती बाई हातात छडी घेऊन लोकांना शीड समजावणार. मी मामांना म्हटलं, "तुमच्या होडीसारखी एक हातभर होडी करून द्या ना."

आठवडाभर मामा मला बघितलं की बादली उचलून आत जायचे. मग एका रविवारी करवतीचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर मामा आपल्याच होडीची फळी कापताहेत. गणू दारात उभा.

"मामा, अहो, वखारीतून लाकूड आणलं असतं की!"

"वखारीच्या लाकराला खारीची काय वलख?" मामांनी मान वर केली नाही.

उरलेल्या फळ्या गणूने सोडवून भिंतीशी रचल्या. त्यानंतरच्या संध्याकाळी मामांनी ती हातभर होडी घडवण्यात घालवल्या.

उद्घाटनाला मामा धुतलेला सदरा आणि लाल टोपी घालून आले. मी आदल्या दिवशीच संग्रहालयातले सगळे तांबे कपाटात कोंडून ठेवले होते. काचेच्या पेटीपाशी नेऊन हळूच बजावलं, "मामा, इथे पाणी घालायचं नाही हं."

मामांनी काचेवर तळवा टेकला. "नाय घालीत, बाय. लय भिजली जल्मभर. आता सुकू दे तिला."

त्या दिवशीचं माझं भाषण म्हणे फारच छान, थोडक्यात झालं. 'ही आमच्या बुधाजीमामांची होडी' एवढंच म्हणून मी खाली बसले होते.

दुसऱ्या संध्याकाळी मामा सवयीने बादली भरून अंगणात आले. तिथे नुसते ओंडके. त्यांना पाणी ओतवेना, परत आतही नेववेना. मी कुंपणाशी गेले.

"मामा, माझ्या मोगऱ्याला घालता का जरा?"

त्यांनी अख्खी बादली उपडी केली. मग रोजच एक. थोड्याच दिवसांत मोगरा मुळापासून कुजला. मी गुपचूप नवा आणून त्याच कुंडीत लावला. तोही गेला. पुढचाही.

"अगं, किती मोगरे मारशील?" हे वैतागले. "सांग ना त्यांना, एवढं पाणी नको म्हणून!"

"सांगते हं," म्हटलं, आणि पिशवी घेऊन रोपवाटिकेकडे निघाले.