अर्ध्या दिवसाचा समुद्र

गोठ्यातले दोन्ही खुंटे रिकामे दिसले, तेव्हा बेबीताईंच्या हातात ढेपेची पाटी होती.

"बैल कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"वामनरावांच्या गोठ्यात हायत," घनश्याम म्हणाला.

"काहून?"

"त्यायची मोटर आपल्या अंगणात हाय म्हून."

बेबीताईंनी वळून पाहिलं. तुळशीवृंदावन अर्धंअधिक झाकून एक जुनी काळी मॉरिस उभी होती. पाटी तशीच हातात धरून त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली. ढेप खाईल असं तोंड त्यांना कुठेच सापडलं नाही.

वामनराव म्हणजे उमरखेडचे कापसाचे व्यापारी. त्यांना मोटारीचा कंटाळा आला होता आणि शेताला बैल हवे होते. घनश्यामने शेत बटाईने देऊन टाकलं होतं आणि लहानपणापासून त्याला मोटार हवी होती. दोघांनी चहा पिता पिता अदलाबदल केली. रविवारी दिवे लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही सौदा मोडावा, त्यानंतर मात्र मोडायचा नाही, असं ठरलं.

"शेत बटईनं देल्लं. बैल नुसते खाऊन राह्यले होते," घनश्यामने समजावलं.

"मंग मोटर का उपाशी राह्यते?"

मोटार भाड्याने फिरेल, रविवारची पहिली सवारी ठरलीसुद्धा आहे, असं घनश्यामने सांगून टाकलं. पण ते बैल साधे नव्हते. बेबीताईंच्या लग्नात माहेरहून, दारव्ह्याहून, एक गाय आंदण आली होती, तिची ती खोंडं. माहेराला जायचा विषय निघाला की घनश्यामला नेमकं काहीतरी काम निघायचं, त्यामुळे बेबीताईंना माहेर म्हणून रोज पाहायला एवढी दोन जनावरंच उरली होती.

"आयका," त्या म्हणाल्या. "रविवारी तुमची पयली सवारी हाय ना? पाहुणे खूश होऊन जेवणाच्या वक्ताले वापस आले, त मोटर राहू द्या. नाही त दिवे लागायच्या आंदी माहे बैल माह्या खुंट्यावर पायजेत."

पहिली सवारी मिळाली होती ती बाजारात टांगलेल्या एका पाटीमुळे. भज्यांच्या पुडीच्या कागदावर घनश्यामने मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात वाचली होती: खासगी मोटारीने अर्ध्या दिवसात ऐतिहासिक व समुद्रकाठच्या गावांची सहल. ती त्याला इतकी आवडली की त्याने तीच पाटीवर रंगवून घेतली. माणूस प्रामाणिक, म्हणून 'समुद्र' तेवढा गाळला. 'काठ' ठेवला, कारण काठ पैनगंगेलाही होता.

पाटी वाचून जवळच्या तांड्यावरचे शाळामास्तर बाबुलाल त्याच्याकडे आले. त्यांची आई रामीबाई हिच्या आज्याने म्हणे तरुणपणी बैलांच्या पाठीवर लादून थेट समुद्राकाठून मीठ आणलं होतं. पुढे रेल्वे आली आणि बैलांचं काम गेलं. आजा रोज रात्री त्या पाण्याच्या गोष्टी सांगायचा. रामीबाईने आयुष्यभर बंजारा तांडे पुष्कळ पाहिले, पाणी मात्र विहिरीपलीकडे फारसं पाहिलं नव्हतं.

"काठ दिसन ना, बापू?" रविवारी सकाळी मोटारीत बसता बसता तिने विचारलं. लाल फेटिया घागरा, आरशांची ओढणी आणि कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, असा तिचा पोशाख होता. मागच्या सीटवर ती आणि तिची सून लालीबाई बसल्या, तेव्हा मागच्या खिडकीतून बाहेरचं काही दिसेनासं झालं.

"दिसाले पायजे, मावशी. पाणी जरा कमी असते या दिवसांत," घनश्यामने जपून सांगितलं.

त्याने मोटारीला पुढून झेंडूचा हार घातला होता आणि स्वतः नवी पांढरी टोपी घातली होती. बेत सोपा होता. आधी हेमाडपंती देऊळ, मग एक पडकी गढी, मग नदीचा काठ आणि मग घर. बाबुलाल त्याच्या शेजारी बसले. बेबीताई दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण दही मात्र त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं.

मॉरिसच्या रेडिएटरला बारीकशी गळती आहे, हे वामनराव सांगायला विसरले होते. देवळाचा कळस दिसू लागला तोच पुढून वाफ निघाली. रस्त्याच्या कडेला एक तांडा होता आणि तांड्याच्या तोंडाशीच विहीर. बाबुलाल डबा घेऊन पाणी आणायला गेले. रामीबाई पाय मोकळे करायला उतरली.

विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. तिने वर पाहिलं, हातातला दोर सोडून दिला आणि धावत येऊन रामीबाईच्या गळ्यात पडली. दुसऱ्या क्षणी दोघी मोठमोठ्याने रडू लागल्या.

घनश्याम जन्मभर तांड्यांच्या शेजारून गेला होता, तांड्यात कधी गेला नव्हता. असं रडणं त्याने ऐकलं होतं ते फक्त एका प्रसंगी. दोघींची डोकी एकमेकींच्या खांद्यावर होती, आवाज सुरात चढत होता, उतरत होता, आणि मधूनमधून कोणाकोणाची नावं येत होती. लालीबाईही त्यात जाऊन मिळाली.

कोण गेलं, असं विचारणं बरं दिसलं नसतं. घनश्यामने मुकाट्याने टोपी काढून खिशात ठेवली. मग मोटारीवरचा झेंडूचा हार त्याला टोचू लागला. तोही त्याने हळूच काढला आणि हातात धरून, मान खाली घालून, तो मोटारीजवळ उभा राहिला.

नेमका त्याच वेळी उकंडा सायकलवरून आला. उकंडा रोज उमरखेडात दूध घालायचा, आणि दुधाबरोबर बातम्याही.

"घनश्यामभाऊ! काय झालं गा?"

घनश्यामने ओठांवर बोट ठेवलं आणि दुःखाने मान हलवली. उकंडाने रडणाऱ्या बायका पाहिल्या, उघडं डोकं पाहिलं, हातातला हार पाहिला, मोटारीच्या पुढच्या भागातून निघणारी वाफ पाहिली. मग एवढ्या जोरात पायडल मारलं की किटल्या एकमेकींवर आपटल्या.

बाबुलाल पाणी घेऊन परत आले.

"मास्तर," घनश्याम कुजबुजला, "वाईट झालं. म्हातारं माणूस होतं का?"

"कोण?"

"जे गेलं ते."

बाबुलालांनी बायकांकडे पाहिलं आणि ते हसले. "कोणी नाही गेलं, घनश्यामभाऊ. हा ढावलो होय. आमच्या बाया लय दिवसांनं भेटल्या म्हंजे अशाच भेटतेत. कोणाचं लगन झालं, कोणाले पोरगं झालं, कोणाची म्हैस मेली, सारं रडून सांगतेत. ते सुखीबाई हाय, माह्या याडीची, म्हंजे मायची, चुलतबहीण."

"मंग ह्या खुशीत हायत?"

"लय खुशीत हायत."

घनश्यामचा जीव भांड्यात पडला. टोपी मात्र घालावी की न घालावी, हे त्याला ठरवता येईना. एवढ्या रडण्यासमोर टोपी घालून उभं राहणं त्याला प्रशस्त वाटलं नाही. ती खिशातच राहिली.

इंजिन थंड झालं तरी ढावलो संपला नव्हता. मधेच तोडणं म्हणजे अपमान, असं बाबुलाल म्हणाले. तेव्हा सुखीबाईलाही मोटारीत घेतलं, म्हणजे उरलेलं रडणं रस्त्यात पुरं करता येईल.

आणि इथून पुढे गणित बिघडलं. मोटारीत वजन वाढलं की इंजिन लवकर तापायचं. इंजिन तापलं की विहीर शोधावी लागायची. विहिरीवर कोणी ना कोणी बाई पाणी भरत असायची, ती रामीबाईची नाही तर सुखीबाईची कोणीतरी निघायची, आणि वजन वाढायचं. दुसऱ्या तांड्यावर रामीबाईची मावसबहीण भेटली. तिसऱ्यावर सुखीबाईची नणंद, आणि नणंदेची विहीण. चौथ्या वेळी बाबुलाल बाहेर दाराखालच्या पायरीवर उभे राहिले, कारण आत जागा नव्हती.

"मावशी, देऊळ आलं पाहा!" घनश्याम ओरडला. "हेमाडपंती होय! चुन्याबिगर बांधेल हाय!"

मागून फक्त हुंदके आले. सगळ्यांची तोंडं एकमेकींच्या खांद्यांत होती. देऊळ मागे पडलं. गढीही तशीच गेली. घनश्यामने एकट्याने पाहिली. सूर्य डोक्यावर आला, तेव्हा जेवणाच्या वेळेची आणि दोन रिकाम्या खुंट्यांची त्याला आठवण झाली.

"मास्तर, इथूनच फिरवू का गाडी?"

"आन याडीचा काठ?"

तेही खरंच होतं. पाहुणे काठ न बघताच गेले असते तर खूश झाले असं म्हणता आलं नसतं. घनश्यामने दात आवळून मोटार पुढे काढली.

पैनगंगेच्या काठाला मॉरिस पोचली ती वाफेच्या ढगातच. बायका उतरल्या, वाळूत गोल करून बसल्या आणि राहिलेलं रडू लागल्या. घनश्यामने त्यांच्याकडे पाठ केली, तर समोरच्या गाडीवाटेने धूळ उडवत एक बैलगाडी येताना दिसली. बैल ओळखीचे होते. हाकणारी त्याहून ओळखीची होती.

बेबीताईंनी गाडी थांबायच्या आत खाली उडी टाकली. त्यांनी रडणाऱ्या बायका पाहिल्या, नवऱ्याचं उघडं डोकं पाहिलं आणि त्या मटकन वाळूत बसल्या.

"कोण आलं वो मोटरीखाली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"कोणीच नाही."

"खोटं नका बोलू! उकंडा साऱ्या गावात सांगून राह्यला, मोटरीनं मानूस उडवला, घनश्यामभाऊ हार घेऊन उभे हायत म्हून!"

"अव, तो हार आपलाच होय. सकाळचा."

"मंग ह्या बाया कायले रडून राह्यल्या?"

"भेटल्या म्हून."

नवरा जिवंत आहे, कोणी मेलेलं नाही आणि जेवणाची वेळ टळून गेली आहे, हे सगळं बेबीताईंच्या ध्यानात एकापाठोपाठ एक आलं. भीती गेली आणि तिच्या जागी दुसरंच काही आलं. त्या उठल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"मी इथं जीव मुठीत धरून आली! आंगावरच्या लुगड्यानिशी दारव्ह्याची लेक मी, भर उन्हात गाडी हाकत..."

"दारव्ह्याची?" रामीबाई वाळूतून उठली. "कोनची व तू दारव्ह्याची?"

"नानाजी पाटलाची. काहून?"

"नानाजी पाटलाची! त्यायच्या वावराले लागून माह्या बापाचा तांडा!" रामीबाईने दोन्ही हात पसरले. "म्हंजे तू त माह्या माहेरची!"

पुढचं काही बोलायच्या आत बेबीताई त्या आरशांच्या ओढणीत दिसेनाशा झाल्या. रामीबाईने सूर लावला. बेबीताई आधी ताठ उभ्या होत्या. मग त्यांच्या खांद्यातून काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि त्याही रडू लागल्या.

सूर त्यांना येत नव्हता, पण मजकूर भरपूर होता. घनश्यामने तो पहिल्यांदाच सलग ऐकला. माय म्हातारी झाली, तिले पाहून किती वरसं झाले. यायले कधी कापूस आडवा येते, कधी पाहुणे आडवे येतेत. बैल न विचारता देऊन टाकले. आणि बैलसुद्धा कसले! वामनरावांच्या गोठ्यात सोडवाले गेली, त सरकीत तोंड खुपसून उभे. हाक मारली त मान बी वळवली नाही. दावं धरून वढून आनले, बाई, वढून! प्रत्येक तक्रारीला सगळ्या बायका एका आवाजात हुंकार देत होत्या, आणि प्रत्येक हुंकाराबरोबर घनश्याम मोटारीच्या आणखी मागे सरकत होता.

बऱ्याच वेळाने आवाज खाली आला. रामीबाईने बेबीताईंचे डोळे आपल्या ओढणीने पुसले आणि मग ती एकटीच पाण्याजवळ गेली. उन्हात नदी पांढरी दिसत होती. पलीकडचा काठ चांगला दिसत होता, याचं घनश्यामला फार वाईट वाटलं. रामीबाईने ओंजळ भरली, रडलेल्या गालांवरून पाणी वाहू दिलं, आणि ओठांवरचं जिभेने चाखलं.

घनश्याम मोटारीमागून पुढे आला.

"बाबुलाल!" ती ओरडली. "खारं हाय रे! आजा सांगे तसंच!"

बाबुलाल शाळेत मुलांना भूगोल शिकवत असत. त्यांनी नदीकडे पाहिलं, आईच्या भिजलेल्या गालांकडे पाहिलं.

"हो, याडी," ते म्हणाले. "काठच होय तो."

रामीबाई वळून घनश्यामजवळ आली आणि तिने त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "तू लय मोठं काम केलं, बापू. माह्या आज्याले महिने लागत. तुनं अर्ध्या दिवसात दाखवला."

पाहुणे खूश होते, यात शंका नव्हती. पण जेवणाची वेळ कधीच टळली होती, आणि ठरलेली गोष्ट ठरलेली. घनश्यामने मोटारीच्या टपावरून एकदा हात फिरवला.

"चाल," तो बेबीताईंना म्हणाला. "दिवे लागायच्या आंदी वामनरावले त्यायची मोटर देऊन टाकू."

बेबीताईंनी बैलांकडे पाहिलं. बैल वामनरावांच्या घराच्या दिशेला तोंड करून उभे होते.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "बैलगाडी तुमी घेऊन जाता का? बैल वामनरावांच्या गोठ्यात बांधून द्या. त्यायले तिथलीच सरकी गोड लागते."

"आन मोटर?" घनश्यामने विचारलं.

"तिले पाणी पाजा." बेबीताई पुढचं दार उघडून आत बसल्या. "दारव्ह्याले जायाचं हाय."

"आज? दारव्ह्याले पाहाले काय हाय?"

"माही माय हाय."

मागचं दार उघडलं. रामीबाई आत शिरली, तिच्यामागून सुखीबाई, मग मावसबहीण, मग बाकीच्या. "दारव्ह्याच्या वाटेनं लय तांडे हायत," रामीबाई बेबीताईंना सांगत होती, "आन साऱ्यायत आपलं कोणी ना कोणी हाय."

घनश्यामने रेडिएटर काठोकाठ भरला. कोमेजलेला झेंडूचा हार पुन्हा मोटारीला बांधला. खिशातली टोपी काढून, झटकून, डोक्यावर ठेवली. मग त्याने मागच्या सीटकडे एकदा पाहिलं, आणि टोपी काढून परत खिशात घातली.